दाब, धर

मंद्रूपचा रेवणसिद्ध पहाटेचं दूध वाटून आला,
कॅन रिकामे, तोंड उतरलेलं.
“मामा, लिव्हर पार हँडलला टेकालंय.”
दाबून बघितलं : कणीक.
कालची मळलेली, गार.

अशोक चौकात दहालाच ऊन
पत्र्यावर पाट मांडून बसतं.
आधी टाकीवर जुना सोलापुरी टॉवेल टाकला.
हे तेल रंग खातं.
त्याच्या टाकीवर ‘आईची कृपा’ लिहिलंय,
थेंब सांडला तर आधी काना जाईल,
मग आई.

डबीचं झाकण उघडलं. आत चहा.
तोही कालचा.
“कधी बदललंय?”
“बदलत असतात होय?”
अरे, तू दुधात पाणी घालतोस
ते गिऱ्हाइकाला कळतं तरी.
हे तेल आपलं आपण हवेतलं पाणी पितं, गुपचूप, वर्षानुवर्षं,
आणि तुळजापूरच्या घाटात तापलं
की त्या पाण्याची वाफ होते.
मग तू वाफ दाबतोस,
चाकाला पत्ताच नसतो.
“मी पाणी घालत नाही,” तो म्हणाला.
बरं.

पॅड काढले, पिस्टन घासले, सेन्सरची वायर जपली.
लिव्हरवर पद्मजा, माझी भाची.
विड्या वळायला बसणार नाही म्हणाली, म्हणून इथं.
आम्ही घरात मोजतो तसंच मोजतो :
ओकटी, रेंडु, मूडु... धर.
मी आठच्या पान्यानं निप्पल पाव फेरा सैल करतो,
नळीतून सोड्याच्या बाटलीत
तांबडं तेल, आणि मागोमाग
माशाच्या डोळ्यांएवढे फुगे.
बंद. आता सोड.
बंद व्हायच्या आत सोडलंस
तर बाहेरची हवा आत शिरते.
दोनदा तिनं सोडलं. मी बोललो नाही.
तिसऱ्यांदा तिनंच तिला शिवी दिली, तेलुगूत,
रेवणसिद्धला कळू नये म्हणून.

तेल मधासारखं यायला लागलं.
तरी लिव्हर कणीकच.

सीटखाली तो एबीएसचा डबा आहे ना,
त्याच्या झडपांमागं एखादा फुगा
रुसलेल्या जावयासारखा बसून राहतो.
शोरूमवाले मशीन जोडतात,
डबा आपला आपण उघडझाप करतो.
मशीन माझ्याकडं नाही.
माझ्याकडं एमआयडीसीमागचा मुरमाचा रस्ता आहे.

दुसरा गिअर, समोर कुत्रंसुद्धा नाही.
लिव्हर दोनदा मारून दाब आणला, मग करकचून धरली,
आणि बोटांखाली
खटखटखटखट

अकरा वर्षांनी.

धोटा जाऊन यायचा तसं :
धरतं, सोडतं, धरतं, सोडतं,
धरूनच बसलं तर चाक घसरेल म्हणून.
आमच्या कारखान्याला ब्रेक एकदाच लागला होता,
चाळीस मागांना, एका दुपारी.
कुणी मधे सोडलं नाही.
मी जॉबर होतो. हातात पाना होता,
हाच नव्हे, दुसरा.

तिसऱ्या फेरीलाच फुगा हलला असणार,
एवढं हाताला कळतं.
आणखी दोनदा गेलो.

परत येऊन पुन्हा ओकटी, रेंडु.
एकच निघाला, मोहरीएवढा.
एवढ्यासाठी सकाळ गेली.
पद्मजानं लिव्हर दाबली,
दाबली गेली नाही.
कडक भाकरी.

गाडी चार पावलं पुढं ढकलली
तसा मीटरवरचा पिवळा दिवा विझला.
“मामा, बाटलीत अर्धं तेल उरलंय,” रेवणसिद्ध म्हणाला,
“पुढच्या वेळी चालेल की.”
नाही चालत. उघडलं की ते प्यायला लागतं.
त्यानं अर्धे पैसे दिले, अर्धे शनिवारी,
आणि कॅनच्या तळाचं अर्धा लिटर दूध.

पद्मजानं चहा ठेवला.
साय आली, जाड.
पाणी नव्हतं.
शनिवारी त्याला सांगायला पाहिजे.