पोटनाव

सकाळी साडेदहाला सिकंदराबादहून पद्मजाबाईंचा फोन.
बिल आलंय तुमच्या नावाने, पण तुमचंच कशावरून?
नावाशेजारी नुसतं करडं वर्तुळ, आत एक ‘क’.
‘क’ काय, कोणाचाही असतो.

पोळ्यानंतर असाच एक ‘क’
त्यांच्याकडून एकोणीस हजार घेऊन गेला.
ज्या साड्यांचे ते पैसे होते
त्या आमच्या कपाटात, डांबराच्या गोळ्यांत.

मी कुंदा निपाने, कोसा विणकर सोसायटीची हिशेबनीस.
लेजर, जीएसटी, चहाचे पैसे,
आणि आता हे.

चिन्ह आहे आमच्याकडे.
हेमराजभाऊंनी काढलेलं,
काठाची नक्षी बसवतात त्या चौकटीच्या कागदावर:
येनाच्या फांदीला लोंबणारा एक कोसा, देठासकट.
त्यांना ऐकू येत नाही. मी लिहून दाखवलं,
नुसत्या रेषा हव्यात, चौकोनात बसणाऱ्या.
चित्राच्या पोटात फोटो लपवलेला चालत नाही,
काही हलायला नको, बाहेरून काही मागवायला नको.
त्यांनी मागाकडे बोट केलं.
ताणा आणखी काय असतो?

मग मी दारं तपासली.
सोसायटीच्या मूळ नावाला कडी होती:
आमचं नाव सांगत परका आला तर आल्या पावली परत पाठव.
पण बिलं जातात ‘बिल’ या पोटनावातून,
दिवाळीचं पत्रक ‘खबर’मधून,
आणि पोटनावांसाठी त्याच ओळीत, शेवटाकडे,
कोणीतरी लिहून ठेवलेलं: काही करू नको.

ओसरीला कुलूप, गोठ्याची ताटी सताड उघडी.
चोर गोठ्यातून आला
आणि आमचंच आडनाव सांगून गेला.
ताटी लागेपर्यंत चिन्ह दाखवणार नाही,
म्हणतात डाकेचे मालक.
मला राग आला नाही.

कोणीतरी म्हणजे मी.
तारीख आहे तिथे. त्या दिवशी वादळाने लाइन गेलेली,
बॅटरी अकरा टक्के,
नंतर बघू म्हटलं होतं.

लगेच कडी लावली तर आपलेच बाहेर अडकतात,
म्हणून तीन आठवडे नुसते अहवाल वाचले.
बिलाच्या सॉफ्टवेअरची सही जुळवली. ‘खबर’ची जुळवली.
‘भरती’ नावाचं एक पोटनाव निघालं, कोणी वापरत नाही असं,
तर त्यातून रोज रात्री दोन वाजता
गोदामाचा कॅमेरा अध्यक्षांना पत्र पाठवतो:
काहीही घडलेलं नाही.
त्यालाही सही दिली.

राहिलं प्रमाणपत्र.
त्याचा आकडा ऐकून अध्यक्ष सोनकुसरे
खर्रा घोटता घोटता थांबले.
“एवढ्याशा गोलाचे एवढे पैसे? काहून वं, सोन्याचा हाय का?”
ठराव पुढच्या सभेवर गेला.

मंगळवारी चार वाजता ताटी लावली.
चिन्हाची ओळ एकदाच लिहिली, मूळ नावाखाली.
पोटनावांजवळ स्वतःची नसली
की ती आईच्या ओळीकडे बघतात.

गुरुवारी पद्मजाबाईंना एक रुपयाचं बिल पाठवलं.
त्यांच्या दोन पेट्या आहेत.
नव्या पेटीत अजून ‘क’च,
तिला प्रमाणपत्र लागतं.
जुनीत मात्र आलं म्हणाल्या, लाखोळीच्या दाण्याएवढं.
काय आहे हे, अंडं?
कोसा, मी म्हटलं.
त्यांनी फोटो पाठवला.

हेमराजभाऊंनी तो दोन बोटांनी मोठा केला,
चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ बघितला.
देठ एका घराने डावीकडे गेलाय, त्यांनी खुणेने सांगितलं.
मी मोजलं. गेला होता.
राहू द्या, कोणाला दिसतंय, मी लिहिलं.
त्यांनी ते वाचलं,
आणि चौकटीचा नवा कागद काढला.