आपला विश्वासू

पत्र आधीपासून तयारच असतं.
मी फक्त नाव घालते, तारीख घालते
आणि मोकळ्या जागेत आकडा : तीन, पाच किंवा दहा.
खाली 'आपला विश्वासू' छापलेलंच आहे,
त्याखाली मिस्टर पेल्टियरचा सहीचा शिक्का
मीच उठवते.

यंगस्टाउनच्या या शाळेत, ऑफिसच्या खिडकीशी,
एकोणीस वर्षं झाली मला.

'कारण' या चौकटीत दोनच ओळी मावतात.
जमारियन ब्रूकिन्सच्या चौकटीत मी टाइप केलं :
हूड काढण्यास नकार.
शिक्षिकेला धक्का.
दोन्ही खरं आहे.
मिसेस हुद्राक प्रोजेक्टरच्या गाड्यावर पडल्या
तो आवाज मला इथवर आला.
मनगट दोन ठिकाणी मोडलंय.

मावलं नाही ते असं :
रविवारी रात्री बहीण त्याचे केस कापायला बसली
आणि मशीनची बॅटरी अर्ध्यातच मान टाकून मोकळी.
चार्जर आईच्या गाडीत,
गाडी आईबरोबर हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात, रात्रपाळीला.
डावीकडे तासलेलं, उजवीकडे रान.
बारा वर्षांच्या मुलाला विचारा,
जगात याहून मोठं संकट कुठलं.
बाईंनी हूड मागे ओढला, वर्ग हसला,
आणि मग त्याचे हात.

हे मी विचारलं नव्हतं.
बाकड्यावर बसून, माझ्या स्टेपलरकडे बघत
त्यानंच सांगितलं.
चौकटीला तिसरी ओळ नसते.

दहा दिवस.
'या काळात आवारात आढळल्यास
अनधिकृत प्रवेश समजण्यात येईल.'
म्हणून तो आवारात आला नाही.
शाळेचं सिमेंट जिथे संपतं आणि गावाचं सुरू होतं
त्या भेगेला बुटांची टोकं लावून
रोज सकाळी घंटेपर्यंत उभा.
नंतर रस्त्यापलीकडच्या लाँड्रोमॅटमध्ये,
लोकांचे कपडे गरगर फिरताना बघत.
तिथे ऊब फुकट मिळते. जेवण मिळत नाही.

पाचव्या दिवशी मी रस्ता ओलांडला,
कोटाच्या खिशात चॉकलेट दुधाचा खोका.
(हे अजून कुणाला बोललेले नाही.)
त्यानं विचारलं, "गणितात काय चाललंय?"
म्हटलं, "अपूर्णांक."
"म्हणजे?"
"म्हणजे अर्धं, पाव, असलं सगळं."
तो डोक्यावरून हात फिरवत हसला,
हूडच्या वरूनच.
"ते येतं मला."

मिसेस हुद्राक विम्याचा फॉर्म घेऊन आल्या,
भरून दे म्हणाल्या, उजवा हात प्लास्टरमध्ये.
लिहिता लिहिता त्यांनी विचारलं,
"दिवसभर असतो कुठे गं तो?"
मी पेनानंच खिडकीबाहेर दाखवलं.
बराच वेळ बघत राहिल्या.
"ठणकतोय फार," म्हणाल्या
आणि फॉर्म इथेच विसरून गेल्या.

अकराव्या दिवशी आई घेऊन आली त्याला,
युनिफॉर्मवरच, डोळ्यांत झोप तशीच साचलेली.
"इथे सही?"
"इथे. आणि इथे. आणि मागच्या पानावर."
पोराचं डोकं आता सगळंच तुळतुळीत.
वर्गात त्या दिवशी अपूर्णांकांची चाचणी होती.
बाईंनी डाव्या हातानं फळ्यावर गणितं लिहिली,
उतरंडीला लागलेली अक्षरं, कुणाला धड वाचता येईनात.
जमारियननं पहिलं सोडवलं.
बाकीचा कागद कोराच आला ऑफिसात,
कोपऱ्यात नाव, आणि एका वॉशिंग मशीनचं चित्र.

आज शुक्रवार.
बाकड्यावर एक मुलगी बसली आहे,
नाकाला बर्फाची पिशवी धरून.
मिस्टर पेल्टियर आतून म्हणतात, "पाच."
पडद्यावर जुनंच पत्र उघडं आहे.
मी नाव मागून खोडत येते,
न जातो, य जातो, मा जातो,
ज वर बोट थांबतं.

मुलीचं नाव जोसेलिन.
ज मी तसाच राहू देते.