चुकलेल्या चाव्यांचा खिळा

"फक्त की पाहिजे बाबा, गेम नाही,"
प्रज्योत म्हणाला. मी हसलो.
बडकस चौकात एकवीस वर्षं
चाव्याच घासून राहिलो मी,
आणि पोरगा माझाच, चावी विकत मागतो.

"दुकानात चार हजार. इथं सहाशे चाळीस.
विकणाऱ्याला नव्वद हजार लोकांनी चांगलं म्हटलंय."
मे महिना. कूलरच्या टाकीत बादली ओतता ओतता
मी फोनवरून पैसे टाकले.
बारावीत एकोणसत्तर टक्के आणले होते त्यानं,
आणि सहाशे चाळीस म्हणजे
किल्ली हरवलेली दोन कपाटं उघडून देणं.

चावी आली. पंधरा अक्षरं,
पाचापाचांनी बांधलेली, मध्ये आडव्या रेघा.
ना दात, ना खाच.
खिशात टाकली तर वाजणार नाही.
मी विचारलं, "हिचं कुलूप कुठं आहे बे?"
"तुमाले नाही समजणार."
बरोबर. नाही समजलं.

एकोणीस रात्री तो त्या जगात होता.
कूलरच्या घरघरीतून घोड्याच्या टापा ऐकू येत.
बायको म्हणे, निदान घरात तरी आहे पोरगा.
विसाव्या रात्री घोडा नव्हता.
चित्राच्या जागी राखाडी चौकोन,
खाली इंग्रजीत दोन ओळी.
त्यानं वाचून दाखवल्या:
ही की ज्या कार्डावर घेतली गेली
ते कार्ड चोरीचं होतं. म्हणून परत घेतली.

विकणाऱ्याला लिहिलं. उत्तर लगेच आलं,
फार अदबीनं:
खरेदीच्या वेळी संरक्षणाचे सत्तर रुपये
आपण भरले नव्हते.
चार दिवसांनी त्या नावाचं दुकानच नव्हतं.
शटर नाही, पाटी नाही,
शेजारी पानठेला नाही, की विचारावं,
काहो, हा माणूस कुठं गेला?

प्रज्योत शिव्या देत होता. सहाशे चाळीस, सहाशे चाळीस.
मी दुसराच हिशेब करून राहिलो:
कोणाचं कार्ड?
कुठल्या तरी गावात एखादी बाई
बँकेच्या कागदावर बोट ठेवून म्हणत असेल,
हे मी घेतलं नाही.

उस्तादानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं:
चावीवरून चावी कर. कुलूप आणलं तर कुलपावरून कर.
साबणाच्या वडीवर ठसा घेऊन कोणी आला
तर पाणी पाज आणि वाटेला लाव.
भाव नंतर. आधी विचार, घर कोणाचं?

हे पोराला सांगायला गेलो
आणि जीभ अडकली.
लग्नाच्या वर्षी, तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी,
एक माणूस आला होता.
हिरव्या साबणाची वडी, रुमालात गुंडाळलेली.
शंभराची नोट.
मी घर नाही विचारलं.
कानस मारताना साबणाचा वास येत होता.
अजून येतो, आंघोळीच्या वेळी, कधी कधी.

"तुमाले तर समजायले पाहिजे होतं," पोरगा म्हणाला,
"तुमी तर याच धंद्यात आहात."

दुकानात एक खिळा आहे.
ज्या चाव्या बसल्या नाहीत त्या तिथं अडकवतो,
किलोभर जमल्या की पितळ मोडीत जातं.
परवा खोक्याच्या पुठ्ठ्यावर ती पंधरा अक्षरं लिहून
मी तिथंच टांगली.
काल एक गिऱ्हाईक म्हणे, "हे काय भाऊ, लॉटरीचा नंबर?"
"नाही. चावी आहे."
"कोणाच्या घरची?"

त्यानं सहज विचारलं होतं.
मी त्याच्यासाठी चहा सांगितला
आणि कानस शोधत बसलो,
हातातच होती.