कोंबडा की कोंबडी

ब्लेअरगौरीच्या बाहेर, रासबेरीचे मळे संपतात तिथे
आमची पत्र्याची शेड. चोवीस पिंजरे, चोवीस साळुंक्या.
साळुंक्या म्हणजे इकडच्या:
काळ्या, अंगभर पांढरे तीळ उधळलेल्या,
आणि भांडखोर.

डॉक्टर मॉर्व्हन केअर्डनं नाणं उडवलं.
छाप पडला तर दाण्यात एल्डरबेरीची जांभळी पूड,
काटा पडला तर नुसता दाणा.
मला आंबोलीचा उतार आठवला:
करवंद दातांत धरून ओरडायचो,
कोंबडा की कोंबडी?
आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं तर कोंबडी.
करवंदाला कुणी विचारलं नव्हतं.

सतरा नंबर नुसत्या दाण्याची.

रोज चाळीस मिनिटं वाऱ्याच्या भुयारात उडवायचं,
मग पंखाखालून एक थेंब रक्त.
उडताना आत काय काय जळतं ते त्या थेंबात मोजायचं.
श्वास जगवतो, तोच थोडा थोडा गंज चढवतो,
आणि फळातला जांभळा रंग म्हणे त्या गंजाच्या आड येतो.
मॉर्व्हन म्हणाली, म्हणे म्हणू नकोस, त्यासाठीच तर पगार आहे.
झाड हा रंग आपल्यासाठी करत नाही, हेही तीच म्हणाली.
उन्हासाठी करतं, अळीसाठी करतं,
पाखराला नुसतं कळावं म्हणून करतं
की आता ये.

ऑक्टोबरात कुंपणावर शेवटच्या ब्लॅकबेरी होत्या,
जरा पाणचट, जरा आंबूस.
खात खातच कामावर आले.
सतरा नंबरनं माझ्या नखाला चोच मारली.
एकदा. मग पुन्हा.
मी इकडे तिकडे बघितलं
आणि मूठ उघडली. सात होत्या.
का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

सकाळी तिच्या ट्रेमधल्या वर्तमानपत्रावर,
मेंढ्यांच्या बाजारभावावर,
जांभळी शिट.

मॉर्व्हननं ट्रे उजेडात धरला.
मी काही बोलले नाही, दोन्ही हात पुढे केले,
शाळेत छडीसाठी करायचो तसे.
तिनं हात बघितले. कागद घेतला.
सतराव्या ओळीवर पट्टी ठेवून रेघ मारली:
वगळली. आहारात चूक.
मग चहा करायला गेली, माझ्यासाठीही केला,
साखर न घालता. मला साखर लागते हे तिला माहीत आहे.

गुरुवारी बाकीच्या तेवीस.
मी धरायचे, ती करायची.
हातात प्रत्येकीची छाती घड्याळासारखी चालायची
आणि मग नाही.
तेवीस यकृतं, तेवीस बाटल्या, बर्फाचा धूर.
दात लावल्याशिवाय
आत काय आहे ते कळत नाही, बरोबर.
तरी त्या दिवशी मला कुणी कोंबडा की कोंबडी विचारलं असतं
तर मी थुंकले असते.

फरक निघाला.
खूप नाही, पण निघाला:
जांभळं खाल्लेल्यांच्या पेशी कमी गंजलेल्या.
मॉर्व्हन टेबलावर बोटं वाजवत म्हणाली, बघ, म्हणे नव्हतं.
आणि मला खरंच आनंद झाला, हे इथे लिहून ठेवते.

सतरा नंबर मोजमापातच नव्हती,
म्हणून तिच्या यकृताचा कुणाला उपयोग नव्हता.
तिला मी फाटकापाशी नेली.
पेटीचं झाकण काढलं तरी बसून राहिली,
मी ओशाळावं इतका वेळ.
मग तारेवर. मग मळ्यावरून टे नदीकडे,
जिथे संध्याकाळी त्यांचा धुरळा उठतो.
सात फळांनी तिला वाचवलं,
पण मॉर्व्हनच्या आलेखात आहे
त्या कारणानं नव्हे.

घरी येऊन नखं घासत बसले.
लिंबू लावलं, मीठ लावलं.
लिंबानं डाग लाल झाला,
साबणानं निळा,
पुन्हा लिंबानं लाल.