तीन, आणि पुढे पाच की नऊ

आठ पाय. पाठ खरवडलेली.
कारखान्यातच कुणीतरी घासून नाव पुसलंय,
दुसऱ्याला नक्कल करता येऊ नये म्हणून.
शेजारी हवेच्या दाबाचा सेन्सर, करपल्याचा वास,
आणि समोर स्टुलावर सातुर्निना,
गोल टोपी मांडीवर घेऊन.

यंत्र ऑक्सिजनचं, तिच्या नवऱ्याचं.
फर्मिन चोके. एकवीस वर्षं डोंगराच्या पोटात,
आता डोंगराची धूळ त्याच्या छातीत.
भाड्याची टाकी सातपर्यंत पुरेल,
हे तिने आल्या आल्या सांगितलं.
नंतर एकदाही नाही.

दिवा आडवा धरला. काही नाही.
खडू चोळून पुसला. काही नाही.
मग वाकून चिपवर श्वास सोडला,
आरशावर सोडतात तसा.
पोतोसीत श्वास असा कुणी उधळत नाही.
वाफ बसली. तीन उमटला.
पुढचा आकडा पाच, की नऊ?
वाफ उडाली.

पुन्हा श्वास. पुन्हा तीन.
पुन्हा तोच घोटाळा.

पाच असेल, तर ही बारीक कुजबूज मोठी करणारी.
नऊ असेल, तर नुसती हो किंवा नाही म्हणणारी.
पाय पाळण्यात दिसतात म्हणे;
इथे दोघींचे पाय सारखेच,
चौथा जमिनीला, आठवा विजेला.

नाव सोडलं, वाट धरली.
मीटरचं एक टोक पहिल्या पायावर,
दुसरं तांब्याच्या रेघेवरून सरकवत
बोर्डाच्या पालथ्या बाजूला, भोकातून पुन्हा वर,
एका तिळाएवढ्या रेझिस्टरमधून
थेट तिच्याच दुसऱ्या पायापाशी.
म्हणजे ही जे बोलते
ते थोडं स्वतःच्याही कानावर घालते,
आणि त्यावरून आवाज सावरते.
हो-नाहीवाल्यांना त्याची गरज पडत नाही.
पाच.

तशी एक कुठे आहे ते मला ठाऊक होतं:
खाटकाच्या मेलेल्या वजनकाट्यात,
दोन वर्षं माझ्या फळीवर.
गरम हवेने सोडवली, पाय पुसले, इथे बसवली.

सातला वीस कमी.
यंत्र घरघरलं. लाल दिवा गेला,
हिरवा जरा वेळ लावून आला.
नळी मी गालाशी धरून पाहिली.

सातुर्निनाने टोपी घातली. किती?
मी आकडा सांगितला.
ती म्हणाली, एवढ्याशा किड्याचे?
पंधरा बोलिव्हियानो कमी मोजले,
यंत्र आग्वायोत घालून पाठीला बांधलं,
आणि चढाला लागता लागता ओरडली,
राहिलेल्याचे बटाटे आणीन.