चौथं गाणं

गोव्हनच्या बंद पडलेल्या धोबीघरात
सात रात्री रेकॉर्ड केला त्यांनी तो अल्बम.
वीज नाण्यांवर चालायची. मीटरच्या तोंडात
पन्नास पेन्स सारले की गिटारला कंठ फुटे.
टेपरेकॉर्डर तेवढा बॅटरीवरचा, तोही उसना.

डगीनं गाणी लिहिली होती
भाड्याच्या पावत्यांच्या पाठीवर:
गोदीचं कुलूप, जिन्यातली ओल,
नदीपलीकडच्या टेकडीवरली माणसं
ज्यांच्या कचऱ्यातही रेशमी फिती.

चौथ्या गाण्यात,
‘आम्हालाही मोजा’ असं तो ओरडत असताना
मीटरनं हात वर केले.
गिटार मेली. उरला गळा,
आणि अंधारात चाचपडणारा अर्चीचा ड्रम.
मग ऐकू येते मी:
‘नाणं आहे का रे कुणाकडे?’

नव्हतं कुणाकडेच.
माझ्या बुटात होतं एक,
सकाळच्या पावाचं.
बोलले नाही.

आता टेकडीवरच्या दुकानात
ती तबकडी काचेआड असते.
तेवढ्या पैशांत अख्खा हिवाळा उजळला असता आमचा.
परवा एक गिऱ्हाईक मित्राला सांगत होतं,
‘चौथ्या गाण्यातली ती शांतता ऐक.
केवढा विचार केला असेल तिच्यामागे!’

केला होता ना.
पाव, की वीज.