रात्रपाळी

सिव्हिलनं सुटी दिली, पण जायचं कुठं?
म्हणून संस्थेनं एकवीस जणांना
भद्रावती पेठेतल्या तेलुगू शाळेत आणून ठेवलं.
सहामाही पुढं ढकललेली. फळ्यावर अर्धवट धडा,
गोलगोल अक्षरं, त्यांच्यातल्या कुणालाच न वाचता येणारी.
माझ्याकडे थर्मामीटर, आयोडीन, गोळ्यांचे डबे
आणि रजिस्टर. त्यात पत्त्याचा रकाना.

"वेशीतनं आत आलं की मारुती.
मारुतीच्या मागं आमचं घर," निलावती म्हणाली,
"मारुती हाय अजून."
मी लिहिलं: मारुतीच्या मागे.
डॉक्टर मुनाळेंनी सही करताना वाचलं.
खोडलं नाही.

रात्री दहाला शेजारच्या कारखान्यात पाळी बदलली.
आठ माग एकदम सुरू.
फरशी थरथरली, ताटलीत चमचा वाजू लागला.
आम्ही या आवाजातच जन्मतो,
आम्हाला तो ऐकूच येत नाही.
मी गोळ्या मोजत होते. वर पाहिलं, तर खोली रिकामी.

प्लास्टरमधले पाय, टाके घातलेली डोकी
सगळी मैदानात.
एका पोरानं बापाची सलाइनची बाटली
उंच धरलेली, पताकेसारखी.
जो तो कुणाला तरी नावानं हाका मारत होता.
त्यातली कितीतरी नावं
माझ्या रजिस्टरात नव्हती.

मी कारखान्यात गेले. इराबत्तीला तेलुगूत सांगितलं,
रात्रीपुरते माग थांबवा.
त्यानं हातातली कांडी खाली ठेवली.
"ताई, चादरी कुणासाठी चालल्यात माहितीय का?
तिकडच्याच आहेत. पाच हजारांची ऑर्डर,
दिवाळीच्या आत.
थांबवतो की. पण मग पांघरतील काय?"
मालक ऐकत होता, त्यानं नजर वळवली.
मला उत्तर सुचलं नाही. अजूनही
नीट सुचलेलं नाही.

त्या रात्री माग थांबले. दुसऱ्या रात्री चार चालले.
तिसऱ्या रात्री निलावती
गळ्यात अडकवलेला हात सावरत उठली.
"कशानं हलतंय ते बघू तरी द्या मला."

दारात उभी राहिली बराच वेळ.
कापसाची धूळ, पिवळा बल्ब, धोटा इकडून तिकडं.
मग आत गेली, आणि चांगला हात
मागाच्या लोखंडावर ठेवला.
तिची पाटल्या नसलेली मनगटसुद्धा हलत होती.
इराबत्ती काही बोलला नाही, त्याला मराठी बेताचंच.
त्यानं हँडल ओढलं. माग थांबला.
सोडलं. सुरू.
ओढलं. थांबला.
"म्हंजे," ती म्हणाली, "हे बंद करता येतंय."
आणि आणखी एकदा करून दाखवायला लावलं.

रजिस्टरात तक्रारीच्या रकान्यात
बहुतेकांच्या नावापुढं एकच शब्द होता: हलतं.
तिच्या नावापुढं, उपचाराच्या रकान्यात,
मी लिहिलं: हँडल दाखवलं.
डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, सही केली,
आणि दुसऱ्या दिवशी स्वतः सहा जणांना घेऊन गेले.

सगळ्यांना लागू पडलं असं नाही.
एक बाई तिथूनच भावाकडं हैदराबादला गेली.
एक पोर महिनाभर चप्पल घालून झोपायचं.
मल्लिनाथ आजोबा तर शेवटपर्यंत आत आलेच नाहीत.
हापशाशेजारी, उघड्यावर, अंगावर
त्याच कारखान्यातली चादर,
काठाला एक धागा चुकलेली, म्हणून ऑर्डरीतून बाजूला काढलेली.

दहा वाजले की मी त्यांची नाडी बघायला जायची.
जमिनीला तळहात लावून ते पडलेले असायचे.
"चालू हाय का?"
"चालू आहे, आजोबा."
"कुणी हाय का तिथं, हँडलापाशी?"
"इराबत्ती आहे."
"मग असू दे," म्हणायचे,
आणि हात तिथंच ठेवायचे.